बटुग्रहाचं वजन त्याच्या चंद्राला विचारा

मे २०२५ मध्ये सूर्यमालेच्या पार कडेला एक नवा गोल सापडल्याची बातमी आली. नोंदणीतलं त्याचं नाव ‘२०१७ ओएफ २०१’. व्यास अंदाजे ७०० किलोमीटर, सूर्याभोवतीच्या एका फेरीला सुमारे २५,००० वर्षं, आणि बटुग्रहांच्या पंगतीत बसण्याची शक्यता. अशी बातमी आली की चर्चा लगेच प्लूटोवर घसरते: त्याला ग्रहांतून का काढलं, ते बरोबर होतं का, वगैरे. पण त्या बातमीतच एक जास्त रंजक प्रश्न दडलेला होता. व्यास दिला, प्रदक्षिणेचा काळ दिला, मग वजन का दिलं नाही?

कारण ते कोणालाच ठाऊक नाही. व्यासाचा आकडाही अंदाजाचाच आहे. इतक्या दूरचा गोल मोठमोठ्या दुर्बिणींतूनही नुसता ठिपका दिसतो. ठिपक्याचा उजेड मोजता येतो, त्याची रुंदी नाही. काळपट पृष्ठभागाचा मोठा गोल आणि बर्फाने चकाकणारा लहान गोल अगदी सारखाच उजेड आपल्याकडे परत पाठवू शकतात. त्यामुळे पृष्ठभाग किती उजळ असेल ते आधी गृहीत धरायचं आणि त्यावरून व्यास काढायचा, असा हा मामला असतो. वजनाच्या बाबतीत तर गृहीत धरायलाही काही हाताशी नसतं.

त्या गोलाला एखादा चंद्र असेल तर मात्र सगळं चित्र बदलतं. सूर्यमालेच्या बाहेरच्या भागाविषयी आज आपल्याला जे खात्रीने माहीत आहे, त्यातला फार मोठा वाटा या छोट्या छोट्या चंद्रांनी दिलेला आहे. प्लूटो ग्रह की बटुग्रह या वादात त्यांची ही कामगिरी झाकोळून जाते, याचं मला वाईट वाटतं.

बटुग्रह कोणाला म्हणायचं?

२४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग इथल्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरवली. सूर्याभोवती फिरायला हवं, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोलसर आकार आलेला हवा आणि आपल्या कक्षेच्या परिसरात आपलाच वरचष्मा हवा. पहिल्या दोन अटी पूर्ण होतात पण तिसरी नाही, आणि जो दुसऱ्या कोणाचा उपग्रह नाही, तो बटुग्रह.

या यादीत अधिकृतपणे पाच जण आहेत. त्यांपैकी सेरेस मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात आहे आणि त्याला एकही चंद्र नाही. प्लूटो, हौमिया, माकीमाकी आणि एरिस हे चौघं नेपच्यूनच्या पलीकडच्या थंड प्रदेशातले. या चौघांनाही चंद्र आहेत. यादीत अजून न आलेले पण तिच्या उंबरठ्यावर असलेले क्वावार, गाँगगाँग आणि ऑर्कस यांनाही प्रत्येकी एक चंद्र सापडला आहे. तिकडे चंद्र असणं हा जवळजवळ नियमच दिसतो. असं का, ते पुढे पाहू.

अंतरांसाठी एकच माप लक्षात ठेवू. पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधलं सरासरी अंतर, म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटर, याला खगोलीय एकक म्हणतात. नेपच्यून ३० एककांवर आहे. प्लूटो ३० ते ४९ एककांच्या दरम्यान ये-जा करतो. एरिस सध्या जवळपास ९६ एककांवर आहे.

प्लूटो हलका होत गेला, त्याची गोष्ट

१९३० साली क्लाइड टॉमबॉ यांनी लॉवेल वेधशाळेत प्लूटो शोधला, तेव्हा सगळ्यांची अपेक्षा एका भारदस्त ग्रहाची होती. पर्सिव्हल लॉवेल यांनी आधी वर्तवलेला ‘एक्स ग्रह’ पृथ्वीच्या सहा-सातपट वजनाचा असणार होता. सापडलेला ठिपका मात्र फारच मंद होता. मग अंदाज पृथ्वीएवढ्यावर आला. पुढे पृथ्वीच्या दहाव्या भागावर. १९७६ मध्ये प्लूटोवर मिथेनचा बर्फ असल्याचं दिसलं. बर्फ म्हणजे उजळ पृष्ठभाग, म्हणजे गोल आणखी लहान. अंदाज शंभराव्या भागाच्याही खाली घसरला. अर्ध्या शतकात एका ग्रहाचं वजन शेकडो पटींनी उतरलं, आणि तरीही ती सगळी अटकळच होती.

जून १९७८ मध्ये अमेरिकेच्या नौदल वेधशाळेतले जेम्स क्रिस्टी प्लूटोची कक्षा अधिक नेमकी करण्यासाठी फोटोच्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. काही काचांवर प्लूटोची प्रतिमा गोल नव्हती, तिला एका बाजूला जरासा फुगवटा होता. अशा लांबट प्रतिमा सहसा सदोष समजल्या जात. दुर्बीण किंचित हलली की असं होतंच. पण दुर्बीण हलली असती तर त्याच काचेवरचे तारेही लांबट उमटले असते, आणि ते तर व्यवस्थित गोल होते. क्रिस्टींनी जुन्या काचा बाहेर काढल्या. फुगवटा कधी वर होता, कधी खाली, आणि त्याची जागा ६.३९ दिवसांच्या तालावर बदलत होती. प्लूटोचा उजेडही ६.३९ दिवसांनीच कमी-जास्त होतो, हे आधीपासून माहीत होतं. रॉबर्ट हॅरिंग्टन यांच्यासोबत हिशेब मांडल्यावर निष्कर्ष एकच निघाला: तो फुगवटा म्हणजे प्लूटोला खेटून फिरणारा चंद्र होता. त्याचं नाव शॅरन.

त्या एका फुगवट्याने पन्नास वर्षांची अटकळ संपवली. आजचा नेमका आकडा सांगायचा तर प्लूटोचं वजन पृथ्वीच्या सुमारे ४६०व्या भागाइतकं आहे. आपल्या चंद्राच्या तुलनेतही तो पाचव्या भागाहून हलका भरतो.

आणि योगायोग असा की शॅरन सापडल्यानंतर काही वर्षांतच, १९८५ ते १९९० या काळात, प्लूटो आणि शॅरन पृथ्वीवरून पाहताना आळीपाळीने एकमेकांसमोरून जाऊ लागले. ही संधी १२० हून अधिक वर्षांतून एकदा येते. कोण किती वेळ झाकला जातो यावरून दोघांचेही व्यास काढता आले. शॅरनचा शोध दहा-बारा वर्षं उशिरा लागला असता तर ती संधी आपल्या नकळत निघून गेली असती.

चंद्रावरून वजन कसं कळतं?

तत्त्व सोपं आहे. मधल्या गोलाचं गुरुत्वाकर्षण जितकं जास्त, तितका त्याचा चंद्र त्याच अंतरावर अधिक वेगाने फिरतो. चंद्र स्वतः लहान असेल तर त्याच्या वजनाने फारसा फरक पडत नाही. अंतर आणि फेरीचा काळ या दोनच गोष्टी हव्यात.

एरिसचं वजन आपणच काढून पाहू. त्याचा चंद्र डिस्नोमिया २००५ मध्ये सापडला. तो एरिसपासून सुमारे ३७,३०० किलोमीटरवर आहे आणि त्याची एक फेरी १५.८ दिवसांची. आपला चंद्र पृथ्वीपासून ३,८४,४०० किलोमीटरवर आहे आणि त्याला २७.३ दिवस लागतात.

समजा, आपला चंद्र उचलून ३७,३०० किलोमीटरवर आणून ठेवला. अंतर आणि फेरीचा काळ यांचं नातं सांगणाऱ्या केप्लरच्या नियमानुसार तो पृथ्वीभोवती साधारण २० तासांत एक फेरी मारेल. डिस्नोमियाला मात्र तेवढ्याच अंतरावर १५.८ दिवस, म्हणजे ३७९ तास लागतात. तो सुमारे १९ पट सावकाश फिरतो. गुरुत्वाकर्षणाचा हिशेब या पटीच्या वर्गाने चालतो. १९ चा वर्ग ३६१. म्हणजे एरिस पृथ्वीपेक्षा सुमारे ३६० पट हलका. अधिक काटेकोर मोजमापांतूनही जवळपास हेच उत्तर येतं. ९६ एककांवरचा गोल, जिथे आजवर एकही यान गेलेलं नाही, त्याचं वजन दोन आकड्यांच्या जोरावर इथे बसून निघतं. मला यात आजही नवल वाटतं.

आता हे उत्तर प्लूटोशेजारी ठेवा. एरिस प्लूटोपेक्षा सुमारे २७ टक्के जड निघतो. पण आकाराने तो जरा लहानच आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये एरिस एका ताऱ्यासमोरून गेला. तारा किती वेळ झाकला गेला यावरून एरिसचा व्यास सुमारे २,३२६ किलोमीटर ठरला. प्लूटोचा २,३७७ आहे. लहान असून जड, म्हणजे आतलं द्रव्य वेगळं. घनसेंटिमीटरमागे प्लूटोचं वजन सुमारे १.८५ ग्रॅम भरतं, एरिसचं २.४ ग्रॅमच्या आसपास. पाण्याचा बर्फ एका ग्रॅमहून थोडा कमी असतो आणि खडक तीनच्या घरात. म्हणून दोन्ही गोल खडक आणि बर्फ यांचं मिश्रण आहेत, पण एरिसमध्ये खडकाचं प्रमाण बरंच जास्त आहे. चंद्र नसता तर हे दोघे आपल्याला जुळे भाऊ वाटले असते.

प्लूटो आणि शॅरन: कोण कोणाभोवती फिरतं?

शॅरनचा व्यास १,२१२ किलोमीटर, म्हणजे प्लूटोच्या निम्म्याहून थोडा जास्त. वजन सुमारे आठवा भाग. आपल्या सूर्यमालेतल्या कुठल्याही ग्रहाचा चंद्र ग्रहाच्या तुलनेत इतका मोठा नाही. त्यामुळे शॅरन प्लूटोभोवती फिरतो असं म्हणणं तितकंसं खरं नाही. एक जड आणि एक हलका असे दोघं फुगडी घालत असतील तर जडही जागच्या जागी राहत नाही, तोही छोटंसं वर्तुळ काढतो. या दोघांचं तसंच आहे. ज्या बिंदूभोवती दोघंही फिरतात, तो प्लूटोच्या पृष्ठभागापासून सुमारे ९०० किलोमीटर वर, मोकळ्या अवकाशात आहे.

शिवाय दोघांचीही तोंडं कायम एकमेकांकडे. आपला चंद्र पृथ्वीला एकच बाजू दाखवतो, पण पृथ्वी मात्र स्वतःभोवती फिरत राहते. प्लूटो आणि शॅरन यांनी एकमेकांना गुरुत्वाकर्षणाने ओढून ओढून दोघांचंही फिरणं ६.३९ दिवसांना बांधून टाकलं आहे. प्लूटोच्या एका अर्धगोलावरून शॅरन आकाशात एकाच जागी टांगल्यासारखा दिसेल, आपल्या चंद्राच्या सातपट रुंद. दुसऱ्या अर्धगोलावरून तो कधीच दिसणार नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांनुसार एरिसचं स्वतःभोवतीचं फिरणंही डिस्नोमियाच्या फेरीला असंच बांधलेलं आहे.

या बांधणीचे परिणाम जमिनीवर उमटतात. १४ जुलै २०१५ रोजी न्यू होरायझन्स यान प्लूटोपासून सुमारे १२,५०० किलोमीटरवरून गेलं, तेव्हा प्लूटोवर नायट्रोजनच्या बर्फाचं सुमारे १,००० किलोमीटर रुंदीचं मैदान दिसलं. त्याला स्पुटनिक प्लॅनिशिया म्हणतात. हे मैदान शॅरनच्या जवळपास बरोबर उलट्या बाजूला आहे. एक स्पष्टीकरण असं की तिथे वजन जास्त साचलं आणि शॅरनच्या ओढीमुळे अख्खा प्लूटो हळूहळू कलंडून ते मैदान त्या जागी आलं. वजन साचायला वरचा नायट्रोजन पुरेसा नाही, खाली द्रवरूप पाण्याचा थर असावा, असं काही शास्त्रज्ञ मांडतात. चंद्राच्या जागेवरून महासागराचा अंदाज! हे अजून सिद्ध झालेलं नाही, पण तर्क भक्कम आहे.

शॅरनचा उत्तर ध्रुव तांबूस आहे, आणि तो रंग प्लूटोची देणगी आहे. प्लूटोच्या विरळ वातावरणातला मिथेन थोडा थोडा निसटतो. त्यातला काही शॅरनच्या ध्रुवावर पोहोचतो आणि तिथल्या लांबलचक हिवाळ्यात गोठून बसतो. अतिनील किरणांमुळे त्याचे हळूहळू जड, तांबडे सेंद्रिय पदार्थ बनतात. जेम्स वेब दुर्बिणीला शॅरनवर कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडही सापडले, तो निष्कर्ष २०२४ मध्ये जाहीर झाला.

प्लूटोचे बाकीचे चार चंद्र, म्हणजे स्टिक्स, निक्स, कर्बेरॉस आणि हायड्रा, अगदीच किरकोळ आहेत. सर्वांत मोठेही पन्नासेक किलोमीटरचे.

तिकडे इतके चंद्र आले कुठून?

बहुधा टकरींतून. सूर्यापासून इतक्या दूर सगळेच गोल सावकाश चालतात, त्यामुळे टक्करही तुलनेने सौम्य होते. दोन्ही गोलांचा चुराडा न होता एकाचा मोठा भाग दुसऱ्याभोवती फिरत राहू शकतो. शॅरनच्या जन्माचं असं संगणकीय प्रारूप रॉबिन कॅनप यांनी २००५ मध्ये मांडलं. जानेवारी २०२५ मध्ये त्यात एक सुंदर भर पडली. बर्फ आणि खडक यांचा स्वतःचा कणखरपणा हिशेबात धरला, तर प्लूटो आणि शॅरन आदळल्यावर एकमेकांत मिसळून जात नाहीत. काही तास ते एकमेकांना चिकटून एकत्र फिरतात आणि मग सुटे होऊन दूर सरकतात. त्यात दोघंही बऱ्यापैकी अखंड राहतात.

टकरीचा सगळ्यात बोलका पुरावा हौमियाकडे आहे. हा बटुग्रह चार तासांच्या आत स्वतःभोवती एक गिरकी घेतो आणि त्या वेगामुळे ताणून लांबुळका झालेला आहे. त्याच्याभोवती हियाका आणि नामाका हे दोन चंद्र आहेत, एक कडंही आहे, आणि सूर्याभोवतीच्या मिळत्याजुळत्या कक्षांमध्ये त्याच्यासारख्याच शुभ्र बर्फाचे अनेक तुकडे विखुरलेले आहेत. कधीकाळी हौमियाला बसलेल्या जबर धक्क्याचं हे सगळं पसरलेलं सामान आहे, असं मानलं जातं.

इतका चिमुकला गोल चंद्र धरून कसा ठेवतो?

ही शंका रास्त आहे, पण उत्तर अपेक्षेच्या उलट आहे. चंद्र टिकेल की नाही हे गोलाच्या वजनावरच ठरत नाही, सूर्याची ओढ तिथे किती आहे यावरही ठरतं. पृथ्वीची पकड सुमारे १५ लाख किलोमीटरपर्यंत पोहोचते, त्यापुढे सूर्य वरचढ होतो. प्लूटो पृथ्वीपेक्षा शेकडो पट हलका असूनही त्याची पकड ५० लाख किलोमीटरच्याही पुढे जाते, कारण सूर्य तिथे फार दूर आहे. शॅरन तर २०,००० किलोमीटरच्या आतच आहे.

पाच चंद्र आहेत, मग प्लूटो ग्रह का नाही?

कारण चंद्र असणं ही ग्रहपणाची अट कधीच नव्हती. बुध आणि शुक्र यांना एकही चंद्र नाही. उलट ‘इडा’ नावाच्या लघुग्रहाला चंद्र आहे, तो १९९३ मध्ये गॅलिलिओ यानाने टिपलेल्या छायाचित्रांत सापडला. प्लूटो अडतो तो तिसऱ्या अटीवर. नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा प्लूटोच्या बरोबर दोन, असा ताल नेपच्यूनने त्याला लावून दिला आहे. ज्याच्या कक्षेचा ताल दुसरा ठरवतो, त्याचा तिथे वरचष्मा आहे असं म्हणता येत नाही.

शॅरनबद्दलची तक्रार मला जास्त वजनदार वाटते. दोघांचा फिरण्याचा बिंदू बाहेर असेल तर एकाला बटुग्रह आणि दुसऱ्याला चंद्र का म्हणायचं? २००६ च्या अधिवेशनात आधी आलेल्या मसुद्यात सेरेस आणि एरिस यांच्याबरोबर शॅरनलाही ग्रह धरलं होतं, एकूण बारा. तो मसुदा टिकला नाही, आणि जोडगोळ्यांची वेगळी व्याख्याही झाली नाही. माझ्या मते ती व्हायला हवी. आजच्या व्याख्येतलं हे खरंखुरं भोक आहे.

चंद्र दिसला नाही म्हणजे तो नाही का?

नाही. माकीमाकी २००५ मध्ये सापडला आणि पुढची दहा वर्षं तो एकटा समजला जात होता. एप्रिल २०१५ मध्ये हबल दुर्बिणीने टिपलेल्या छायाचित्रांत त्याच्याजवळ एक ठिपका निघाला, माकीमाकीपेक्षा १,३०० पट मंद. अंदाजे १७५ किलोमीटरचा हा चंद्र कोळशासारखा काळा आहे. शिवाय त्याची कक्षा आपल्याला जवळजवळ कडेने दिसते, त्यामुळे तो बराच काळ माकीमाकीच्या चकाकीत हरवलेला असतो.

सेडनाची गत उलटी झाली. २००३ मध्ये सापडलेला हा गोल स्वतःभोवती फार सावकाश, वीस दिवसांहूनही जास्त वेळ घेऊन फिरतो असं सुरुवातीला वाटलं. त्याला मंद करणारा चंद्र असणारच, म्हणून २००४ मध्ये हबलने तो शोधला, पण काहीच मिळालं नाही. पुढे कळलं की सेडनाची गिरकी साधारण दहा तासांचीच आहे. चंद्राची गरजच नव्हती. त्यामुळे सेडनाचं वजन आजही अज्ञात आहे.

पुढे काय?

जून २०२५ मध्ये पहिली छायाचित्रं दाखवणारी व्हेरा रुबिन वेधशाळा नेपच्यूनपलीकडचे हजारो नवे गोल शोधेल अशी अपेक्षा आहे. यादी झपाट्याने वाढेल. पण गोल शोधणं वेगळं आणि त्याला खेटून असलेला मंद चंद्र वेगळा काढून पाहणं वेगळं. त्याला हबल किंवा जेम्स वेबसारखी तीक्ष्ण नजर लागते, आणि त्या दुर्बिणींचा वेळ मोजका असतो. म्हणून कक्षा ठाऊक असलेले गोल भराभर वाढतील, वजन ठाऊक असलेले मात्र सावकाश.

सेडनासारख्या एकट्या गोलांसाठी एकच मार्ग उरतो: यान जवळून न्यायचं आणि गोलाच्या ओढीने यानाचा मार्ग किती वळतो ते मोजायचं. सेडना २०७६ च्या सुमारास सूर्याच्या सर्वांत जवळ येईल, तेव्हाही तो ७६ एककांवर असेल. न्यू होरायझन्सला ३३ एककांवरच्या प्लूटोपर्यंत पोहोचायला साडेनऊ वर्षं लागली. त्याच गतीने सेडनापर्यंत जायला वीस वर्षांहून जास्त लागतील, आणि त्याची पुढची फेरी सुमारे ११,००० वर्षांनी आहे. म्हणजे ते यान बांधण्याचा निर्णय आज शाळेत असलेल्या मुलांच्या उमेदीच्या वर्षांतच घ्यावा लागेल.